गोडे पाणी, ताजे पाणी

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



साठ वर्षांच्या वाटचालीचा अहवाल कार्यवाहांनी आताच वाचला. निकाल, शिष्यवृत्त्या, इमारतीचा वाढलेला मजला, सारे आपण ऐकले. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मला आज माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगायची आहे. ती चूक शाळेत घडली नाही. ती न्यू जर्सीत, माझ्या लेकीच्या घरी, पन्नास लिटरच्या एका काचपेटीत घडली. तिचा या शाळेशी काय संबंध, हे शेवटी सांगेन.

माझी लेक याच शाळेची विद्यार्थिनी. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. बैठकीच्या खोलीत तिने एक लहानसा समुद्र मांडला होता. तळाशी पांढरी वाळू, मधोमध सच्छिद्र खडक, दोन लहान मासे, काही गोगलगायी, आणि खडकाच्या पायथ्याशी एक प्रवाळ. त्याला सात फांद्या होत्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवट गाभ्याचे, तपकिरी काठाचे एकेक मांसल मुख. फांदी तळाशी निमुळती आणि वर पसरट, म्हणून इंग्रजीत त्याला ट्रम्पेट कोरल म्हणतात. शास्त्रीय नाव कॉलॅस्ट्रिया. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने त्याचे नाव ‘तुतारी’ ठेवले होते.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे. समुद्रात खडकांच्या रांगा उभारणारे प्रवाळ म्हणजे आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचणारे मऊ शरीराचे प्राणी. अशा एका प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्याच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचे रंगही पुष्कळ अंशी या भाडेकरूमुळेच. पाणी फार तापले किंवा अन्य काही जाच झाला, तर ही सोबत तुटते, शैवाल बाहेर पडते आणि पातळ मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो.

माझी लेक आणि जावई कामानिमित्त आठ दिवस बाहेरगावी गेले. घरी मी आणि नात. काचपेटीची जबाबदारी माझ्याकडे आली. लेकीने जाताना इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली होती. पाण्याची पातळी रोज जितकी खाली जाईल तितके ‘फ्रेश वॉटर’ घालावे, असे तीत होते. पेटीशेजारी दोन कॅन होते. एकात गाळणीतून काढलेले शुद्ध पाणी, दुसऱ्यात समुद्री मीठ मिसळून तयार केलेले खारे पाणी. मी एम.ए., बी.एड. झालेली बाई. ‘फ्रेश’ म्हणजे ताजे, हे मला पक्के ठाऊक. समुद्राच्या पेटीत ताजे पाणी घालायचे म्हणजे समुद्राचेच ताजे पाणी घालायचे, असा सरळ तर्क मी केला आणि रोज खाऱ्या पाण्याचा कॅन उचलला.

पाणी आटते तेव्हा वाफ होऊन फक्त पाणी जाते, मीठ मागेच राहते. मिठागराचे सारे गणित यावरच चालते, आणि हे मी स्वतः सहावीच्या वर्गात शिकवले आहे! रोज साधारण पाऊण लिटर पाणी आटत होते. आठ दिवसांचे झाले सहा लिटर. त्या प्रत्येक लिटरबरोबर मी सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ पेटीत टाकले, म्हणजे एकूण दोनशे दहा ग्रॅम. पन्नास लिटर पाण्यात ते विरघळले तेव्हा क्षारता हजारी पस्तीसवरून एकोणचाळीसच्या पुढे गेली. मोठ्या समुद्राला दोनशे ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे. पेटी जितकी लहान, तितकी चूक मोठी.

चौथ्या दिवशी तुतारीची मुखे आक्रसली. नातीने आपल्या वहीत मराठीत लिहिले, “आज तुतारी बारीक आहे.” मी घाबरले, आणि घाबरलेले माणूस करते तेच केले. एकाच दिवसात अनेक उपाय केले. उपाशी असेल म्हणून गोठवलेल्या बारीक कोळंबीचा अख्खा ठोकळा पाण्यात सोडला. उजेड कमी पडत असेल म्हणून तिला उचलून थेट दिव्याखालच्या खडकावर ठेवले. उचलताना फांदी न धरता मुखांवरच चिमूट लावली. प्रवाळाच्या मऊ मांसाखाली सांगाड्याच्या धारदार पाती असतात. वरून दाब पडला की मांस आतूनच कापले जाते. मी हात लावला मायेनेच, पण जखम व्हायची ती झाली.

लेक परतली तेव्हा दोन मुखांवर तपकिरी, चिकट थर चढला होता. दुसऱ्या दोन मुखांचे मांस अर्धे मागे सरून पांढरा सांगाडा उघडा पडला होता. उरलेली तीन मिटून बसली होती. लेकीने कॅनमधले उरलेले पाणी पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. “आई, गोडं पाणी गं! ताजं नव्हे, गोडं!”

गोडे पाणी. किती साधा शब्द! विहिरीच्या पाण्यापासून नदीच्या पाण्यापर्यंत आपण लहानपणापासून वापरलेला. तो चिठ्ठीवर असता तर चूक घडलीच नसती. माझ्या मुलीने तो शब्द याच शाळेत भूगोलाच्या तासाला शिकला होता आणि तिच्या आईने तो शिकवण्यात आयुष्य घालवले होते. तरी आम्ही दोघी मायलेकी परक्या भाषेतून एकमेकींशी बोललो आणि मधल्या मध्ये तुतारी आजारी पडली.

आता माझ्या लेकीने तिची शुश्रूषा कशी केली ते सांगते, कारण तेच मला आपणांपुढे ठेवायचे आहे.

तिने आधी कशालाही हात लावला नाही. रिफ्रॅक्टोमीटर काढला, क्षारता मोजली, तापमान पाहिले, नायट्रेट आणि अल्कलिनिटी तपासून आकडे कागदावर लिहिले. काय बिघडले आहे हे कळण्यापूर्वी उपाय करायचा नाही, हा तिचा पहिला नियम.

मग तिने कामांचे दोन भाग केले, तातडीची आणि सावकाशीची. तातडीची दोनच होती. सडू लागलेली कोळंबी पिपेटने ओढून काढणे, हे एक. तपकिरी थर चढलेली दोन मुखे वेगळी करणे, हे दुसरे. तो थर संसर्गाचा असतो आणि शेजारच्या मुखावर पसरतो. तिने तो नळीने अलगद शोषून घेतला. मग तुतारी बाहेर काढून त्या दोन फांद्या निरोगी मांसापासून दूर, नुसत्या सांगाड्यातून कटरने कापल्या आणि उरलेल्या भागाला पेटीतल्याच पाण्यात कालवलेल्या आयोडीनच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवून काढले. नात पलीकडच्या खोलीत जाऊन बसली होती. तिला ते पाहवले नाही. मलाही पाहवत नव्हते, पण मी उभी राहिले.

यानंतरचे सारे सावकाशीचे होते. मी म्हटले, “अगं, अर्धे पाणी काढून गोडे घाल, आत्ताच्या आत्ता बरोबर होईल.” ती म्हणाली, “आकडा आत्ता बरोबर होईल, आई. तुतारी मरेल.” आठ दिवसांत वाढलेली क्षारता एका तासात उतरवली, तर प्रवाळाच्या पेशींवर दुसरा आघात होतो. तिने रोज एक लिटर पाणी काढून तितकेच गोडे पाणी घातले. पन्नासातला एक लिटर म्हणजे दोन टक्के. दिवसाकाठी हजारी एकापेक्षाही कमी उतार. एकोणचाळीसवरून पस्तीसच्या आसपास यायला पाच दिवस लागले. चूक सुधारण्याची घाई ही दुसरी चूक ठरते, हे त्या पाच दिवसांत मी रोज एकेक लिटर मोजत शिकले.

दिव्याखालून काढून तिने तुतारीला पुन्हा तळाशी, खडकाच्या सावलीत ठेवले. दिव्याची तीव्रता कमी केली. अशक्त प्रवाळाला जास्त उजेड मानवत नाही. आतले शैवाल त्या उजेडाचा निचरा करू शकत नाही आणि त्यातून पेशींना अपाय करणारी द्रव्ये तयार होतात. पाण्याचा प्रवाह तिने असा वळवला की मुखांवरचा गाळ हलकेच वाहून जावा, पण झोत थेट अंगावर येऊ नये. उजेड पुढे कित्येक आठवड्यांत थोडा थोडा वाढवला.

अन्न मात्र दिले नाही. याचा मला सर्वांत त्रास झाला. आपल्याकडे आजाऱ्याला दोन घास भरवल्याशिवाय बाईमाणसाला चैन पडत नाही. पण मिटलेले मुख अन्न घेत नाही. ते अन्न त्याच्यावरच कुजते. कॉलॅस्ट्रिया रात्री अंधार पडल्यावर काठाभोवतीची बारीक शुंडके बाहेर काढतो आणि त्यांनी अन्न पकडतो. ती शुंडके दिसेपर्यंत वाट पाहायची, असे ठरले.

काचपेटीचा छंद असलेले लोक अशा वेळी दुकानातून नाना बाटल्या आणतात, असे लेक म्हणाली. तिने एकही आणली नाही. दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलायचे, नवे पाणी क्षारतेने आणि तापमानाने जुन्याशी जुळवून मगच घालायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढेच तिचे औषध. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरे वाटले आणि कशाने बाधले, हे कधीच कळत नाही.

मी परत बडोद्याला आले तेव्हा तुतारी अजून मिटलेलीच होती. शाळा सुरू झाली, प्रवेश, वेळापत्रक, सारे नेहमीचे. दर रविवारी नात वहीतले पान फोनवर वाचून दाखवी. क्षारता पस्तीस, तापमान पंचवीस, तुतारी तशीच. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आणि मग एका रविवारी, “आजी, रात्री मी टॉर्चने बघितलं, तिला मिशा आल्या!” शुंडके बाहेर आली होती. त्या रात्री त्यांनी पाण्याचा पंप दहा मिनिटे बंद केला आणि जवळ्याहून लहान असा कोळंबीचा एक कण एका मुखावर ठेवला. तो हळूहळू आत गेला. पुढे आठवड्यातून एकदा, नंतर दोनदा, इतकेच.

अर्धवट उघड्या पडलेल्या दोन मुखांचे काय झाले, ते मुद्दाम सांगते. सांगाड्यावर मांस परत येते ते जिवंत राहिलेल्या कडेपासूनच. मेलेल्या भागात आपोआप जीव उगवत नाही. म्हणून ती कड जपायची. तिच्यावर गाळ बसू द्यायचा नाही, शेजारच्या उघड्या चुन्यावर शैवालाचे रान माजू द्यायचे नाही. कारण तिथे एकदा शैवाल घट्ट बसले की मांसाला पुढे सरकायला जागा उरत नाही. एका मुखाने दोन-तीन महिन्यांत आपला पूर्ण घेर परत मिळवला. दुसऱ्याच्या एका बाजूला शैवाल आधीच बसले होते. ती बाजू आजही उघडी आहे आणि बहुधा तशीच राहील. पण ते मुख जिवंत आहे, अन्न घेते आणि रात्री शुंडके काढते.

दिवाळीच्या सुमारास नातीने कळवले की मधल्या मुखाचा आकार बदलतो आहे. ते लांबट झाले, मग कमरेत आवळल्यासारखे, इंग्रजी आठच्या अंकासारखे दिसू लागले. हा प्रवाळ असाच वाढतो. एका मुखाची दोन मुखे होतात. सातांपैकी दोन गेली, पाच उरली आणि आता सहावे येते आहे.

आपल्यापैकी कोणाला असा छंद जडावा म्हणून हे मी सांगत नाही. तिथे शेतीसारखे वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे विकत मिळतात. आपल्या देशात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. समुद्रातून त्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो योग्यच आहे. पण प्रवाळ आपल्याला परके नाहीत. १९८२ साली स्थापन झालेले देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आपल्याच गुजरातेत, कच्छच्या आखातात आहे. आमच्या मुलांना आम्ही जामनगरजवळच्या नराऱ्याला नेले तेव्हा ओहोटीच्या उथळ पाण्यातून चालत त्यांनी जिवंत प्रवाळ पाहिले, कोणालाही हात न लावता. शिवाय ओखामंडळाचा किनारा एकेकाळी बडोदे संस्थानातच होता. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी करून संस्थान सरकारला अहवाल सादर केला, त्याचा पहिला भाग १९०९ सालचा. त्याच ओखामंडळात मिठापूरच्या किनाऱ्यावर पुढे प्रवाळांच्या पुनर्रोपणाचे काम हाती घेतले गेले. समुद्रात मात्र रिफ्रॅक्टोमीटर घेऊन कोणी बसलेले नसते. तिथले पाणी तापले तर रोज एकेक लिटरने ते निववता येत नाही. म्हणून तिथे दुखापत होऊ न देणे, हीच मोठी शुश्रूषा.

आता या गोष्टीचा शाळेशी संबंध.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी वर्गशिक्षिका असताना, आठवीत एक मुलगी होती. हसरी, गाणारी. सहामाहीनंतर ती एकाएकी मिटली. गुण घसरले. मी तिच्या पालकांना बोलावले आणि आम्ही सर्वांनी मिळून, सद्भावनेने, एकाच आठवड्यात सारे केले. तिला पहिल्या बाकावर माझ्या डोळ्यांसमोर बसवले, दोन शिकवण्या लावल्या आणि अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून तिचे गाणे बंद केले. काय झाले आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. वर्षअखेरीस तिने शाळा सोडली. त्या दिवशी न्यू जर्सीत, कोळंबीचा ठोकळा, दिव्याखालचा खडक आणि माझी चिमूट या तीन गोष्टी लेकीने कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा मला ती मुलगी आठवली. उजेड, अन्न आणि हात. तिच्या बाबतीतही मी हेच तीन उपाय केले होते. तिचे गाणे ही तिची जिवंत कड होती, आणि नेमकी तीच आम्ही झाकून टाकली. आजच्या मेळाव्यात ती आली असेल तर तिने मला भेटावे. मला तिची क्षमा मागायची आहे.

पालकहो, मूल मिटले तर आधी मोजा, म्हणजे विचारा आणि ऐका. त्याचे काय अजून जिवंत आहे ते पाहा. चित्र असेल, क्रिकेट असेल, आजीशी मारलेल्या गप्पा असतील, ते आधी राखा. खरोखर धोक्याचे असेल ते मात्र त्याच दिवशी हाताळा, त्यात संकोच नको. बाकी सारे रोज एक लिटर.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणे म्हणजे काय, ते आपण जाणता. वर्गात पूर्वीइतकी मुले नाहीत. या वर्षात आपणांपैकी अनेकांनी आस्थेने उपाय सुचवले. माध्यम बदला, नाव बदला, सगळे वर्ग एकदम संगणकीय करा. आपली कळकळ मला कळते. मीही त्या पेटीपुढे अशीच कळवळले होते. पण आपली जिवंत कड कोणती, ते आधी पाहू या. माझ्या मते ती तिसरी-चौथीतली ती मुले आहेत, जी घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकतात आणि तिन्हींत न अडखळता हसतात. ती ग्रंथालयाचा शनिवारचा तास आहे. तिथून मांस पुढे सरकेल.

म्हणून आज मी मोठी देणगी मागत नाही. या शहरात असाल तर महिन्यातून एक शनिवार ग्रंथालयात येऊन मुलांना एक गोष्ट वाचून दाखवा. दूर असाल तर एखाद्या मुलाला महिन्याला एक पत्र लिहा, मराठीत. एकदाच भरघोस नको. थोडे, पण न चुकता. दर आठवड्याचे पाच लिटर.

माझ्या लेकीने आता पेटीशेजारच्या दोन्ही कॅनवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या आहेत, नातीच्या अक्षरात. एकावर ‘खारे’, दुसऱ्यावर ‘गोडे’. ‘गोडे’मधला ‘ड’ तिने थोडा उलटा काढला आहे. पुढच्या सुट्टीत जाऊन तो सुधारायचा माझा विचार होता. आता वाटते, राहू द्यावा. तिचा तिला सुधारेल.